दातांची कीड येते कोठून?

अमरावतीहून यवतमाळकडे निघालेली एस.टी. बडनेरा मागे टाकून नांदगाव खंडेश्वरला येते. अशा तालुक्याच्या गावी बसथांब्याच्या आसपास काय काय विकायला असते, ते आठवून पाहा. चहाची टपरी, तिच्यावरील बरण्यांत बिस्किटे, टोस्ट आणि खारी, शेजारी दोरीला लटकणाऱ्या चकचकीत पुड्या, आणि चार पावलांवर पानठेला. वऱ्हाडात कोठेही गेलात तरी हे चित्र फारसे बदलत नाही. विद्यार्थी मित्रांनो, दात किडतो तो तोंडात हे खरे. पण तो का किडतो याचा शोध घ्यायचा तर सुरुवात या टपरीपासूनच करावी लागते.

प्रथम 'कीड' या शब्दाचाच विचार करू. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कपाशी असते. बोंडात अळी शिरते आणि आतून बोंड पोखरते, हे तुम्ही पाहिले आहे. दाताला कीड लागली असे कोणी म्हटले की तसलीच एखादी अळी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घेऊन दातांतील किडे पाडण्याचा उपाय आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे. परंतु किडलेल्या दातात अळी नसते. मग दाताला खड्डा कोण पाडतो?

या प्रश्नाचे पहिले चांगले उत्तर दिले ते विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने. तो जर्मनीत बर्लिन येथे काम करीत असे. काढून टाकलेले दात त्याने लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात घालून शरीराइतक्या उष्णतेत ठेवले. काही काळाने दातांचा पृष्ठभाग मऊ पडला. पावाऐवजी मांस घातले तेव्हा तसे झाले नाही. पिष्टमय आणि गोड पदार्थांवर तोंडातील जीवाणू वाढतात, आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते, असा निष्कर्ष त्याने १८९० साली मांडला. पुढे १९२४ साली ब्रिटनमधील क्लार्क या शास्त्रज्ञाने किडलेल्या दातांत सापडलेल्या एका जीवाणूला 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स' असे नाव दिले. दात किडवणाऱ्या जीवाणूंत याचा वाटा मोठा आहे, पण हा एकटाच गुन्हेगार नव्हे.

हे सारे समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही, स्वयंपाकघर पुरे. आई कोमट दुधाला विरजण लावते, तेव्हा विरजणातील जीवाणू दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल, म्हणजे दुग्धाम्ल, तयार करतात आणि दुधाचे दही होते. तुमच्या दातांवर जो पिवळसर चिकट थर साचतो, तो नखाने खरवडून पाहा. त्यात असंख्य जीवाणू असतात. बिस्किटाचा किंवा गुळाचा कण त्यांना मिळाला की तेही तेच दुग्धाम्ल बनवतात. एका अर्थी आपण आपल्या दातांवर रोज विरजण लावत असतो.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क. आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. परंतु आम्लापुढे ही कठीणता टिकत नाही. दातावरील थराचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतात. सुदैवाने आपल्याजवळ लाळ आहे. ती आम्लाला सौम्य करते आणि निसटलेली खनिजे थोडीफार परत आणून बसवते. दंतवल्कात जिवंत पेशी नसतात. त्यामुळे हाड जसे जुळून येते तसा दाताचा खड्डा भरून येत नाही. पण खड्डा पडण्यापूर्वीची झीज मात्र लाळ भरून काढू शकते. दात किडणे म्हणजे आम्ल आणि लाळ यांच्यातील रस्सीखेच होय.

आता या रस्सीखेचीत लाळेला किती वेळ मिळतो ते पाहू. अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन याने १९४० च्या सुमारास साखरेच्या द्रावणाने तोंड खळखळायला लावून दातांवरील थराचा सामू मोजला. तो काही मिनिटांतच खाली घसरला आणि पूर्वपदावर येण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला. आपण सोयीसाठी अर्धा तास धरू. जेवणाबरोबर दोनदाच गोड खाणाऱ्या मुलाच्या दातांवर दिवसातून एक तास आम्लाचा हल्ला होतो. त्याचाच मित्र सकाळी चहाबरोबर टोस्ट, शाळेच्या वाटेवर गोळी, मधल्या सुट्टीत बिस्किटे, शाळा सुटल्यावर पुन्हा गोळी, संध्याकाळी चहा आणि झोपताना गोड दूध घेतो. त्याचे झाले तीन तास. शिवाय झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे शेवटच्या हल्ल्याला उत्तर देणारे कोणी जागे नसते! दोघांनी दिवसभरात खाल्लेली साखर सारखीच असली तरी दातांचा हिशेब वेगळा निघतो.

याचा भक्कम पुरावा स्वीडनमधून मिळाला, पण तो ज्या रीतीने मिळाला ते वाचून मनाला बरे वाटत नाही. विपेहोल्म येथे मतिमंद रुग्णांसाठी एक सरकारी संस्था होती. तेथील चारशेहून अधिक रुग्णांवर १९४५ पासून काही वर्षे आहाराचे प्रयोग झाले. काहींना जेवणाबरोबर साखर दिली, तर काहींना जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफी दिली. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांत कीड थोडीच वाढली. मधल्या वेळी टॉफी चघळणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. हे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले आणि आजही ते खरे मानले जातात. मात्र ज्यांचे दात मुद्दाम किडू दिले, त्यांची संमती कोणी घेतलीच नव्हती. असा प्रयोग आज कोणालाही करता येणार नाही, आणि करूही नये.

आता वऱ्हाडाकडे परत येऊ. येथील जुना आहार म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, झुणका, ठेचा, हिरवी भाजी. भाकर नीट चावावी लागते, चावताना लाळ भरपूर सुटते, आणि दोन जेवणांच्या मध्ये खाण्यासारखे घरात फारसे नसे. दातांच्या दृष्टीने ही मांडणी चांगली होती. गेल्या काही दशकांत शेतातील ज्वारी कमी होत गेली, तिच्या जागी सोयाबीन आले आणि ताटात गव्हाची पोळी. पोळीने दात किडतात असे मी म्हणत नाही. खरा बदल झाला तो दोन जेवणांच्या मधल्या वेळात. पाच रुपयांचा बिस्किटपुडा खेडोपाडी पोचला. मजुरीला जाणारी आई घाईत असते. रडणाऱ्या मुलाच्या हातात पुडा देणे तिला सोपे पडते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तेवढ्याच पैशांत फुटाणे किंवा शेंगदाणे मिळतात, ही गोष्ट मात्र तिला सांगण्याजोगी आहे. आणि गूळ 'आपला' असला तरी जीवाणूंना तो साखरेइतकाच गोड लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी शिफारस केली, तिच्यात गूळ-साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि शक्यतो ५ टक्क्यांपेक्षा कमी ठेवण्यास सांगितले आहे. पाच टक्के म्हणजे दिवसाला सुमारे सहा चमचे. घरच्या चहात किती चमचे पडतात ते एकदा मोजाच.

येथे एका दाढेविषयी विशेष सांगितले पाहिजे. सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दुधाचा दात न पडता, सर्वांच्या मागे एक दाढ उगवते. दात पडला नाही म्हणून घरचे लोक तिलाही दुधाचीच समजतात. किडली तर 'पडेल आणि नवी येईल' म्हणून सोडून देतात. ती नवी येत नसते. ती जन्मभराची पहिली दाढ होय. तुमच्या धाकट्या भावंडांच्या तोंडात बोट घालून ती शोधा.

दात घासण्याच्या साधनांबद्दल थोडक्यात. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावून तिचा कुंचला नीट केला तर दात चांगले स्वच्छ होतात. मात्र दाढांच्या मागल्या बाजूस ती पोचत नाही. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात चमकतात, कारण ती दंतवल्कच घासून काढतात. फ्लोराइडयुक्त पेस्टचा फायदा असा, की फ्लोराइडमुळे दंतवल्क आम्लाला अधिक दाद देत नाही. पण हेच फ्लोराइड पाण्यात प्रमाणाबाहेर असले तर घात करते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, तसेच चंद्रपूर व नांदेडमध्ये, काही गावांच्या विंधन विहिरींच्या पाण्यात ते दर लिटरला १.५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त आढळते. दात तयार होण्याच्या वयात असे पाणी प्यायलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. एखादी मैत्रीण तोंडावर हात ठेवून हसत असेल, तर तिने दात घासले नाहीत असे समजू नका. दोष तिच्या गावच्या पाण्याचा असेल.

आता पानठेल्याकडे वळू. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात, ती मशेरी. पुष्कळ बायका ती प्रथम दाढदुखीवर लावतात. निकोटीनमुळे बरे वाटते, दुखणे विसरल्यासारखे होते आणि सवय जडते. दाढ आतून किडतच राहते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यात घरोघर जाऊन १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. हा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. तंबाखूचे व्यसन आणि तोंडातील कर्करोगपूर्व पांढरे चट्टे यांचा संबंध त्यांच्या पाहण्यांतून स्पष्ट झाला. पेस्ट आणि दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली मनाई केली. घरच्या तव्याला मात्र कायदा कसा लागू करणार?

तुमच्या वयाला अधिक धोका आहे तो खर्ऱ्याचा. सुपारीची भुकटी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून तो तयार करतात. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतू साठत जातात, ती लवचिकपणा गमावते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. आधी तिखट झोंबू लागते, मग मोठा घास जात नाही. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. आखडलेले गाल पूर्वीसारखे करणारे औषध अद्याप नाही, आणि त्यातून काहींना पुढे कर्करोग होतो. तंबाखू न घालता नुसती सुपारी खाल्ली तरी धोका आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला कर्करोगकारक ठरवले आहे. एक चाचणी आताच करून पाहा. हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढल्या दातांच्या मध्ये घाला. ती सहज गेली पाहिजेत. जात नसतील तर डॉक्टरांना दाखवा.

२०१६–१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील २४.४ टक्के लोक बिनधुराची तंबाखू वापरताना आढळले. म्हणजे चारांतला जवळजवळ एक. ही संख्या पाहून निराश होण्याचे कारण नाही. मेहता यांच्या गटाने तीन जिल्ह्यांतील सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना फक्त समजावून सांगितले. चित्रपट दाखवले, भिंतीपत्रके लावली, घरी जाऊन बोलले. पाच वर्षांनी, १९८६ साली आलेल्या अहवालानुसार, केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात नव्याने पांढरे चट्टे येण्याचे प्रमाण पुष्कळ घटले होते. गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसते बोलणे!

दंतवैद्याकडे लोक उशिरा का जातात, याचे कारण केवळ अज्ञान नाही. अमरावतीला दंतमहाविद्यालय आहे, पण तेथे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि बसभाडे लागते. लहान खड्डा भरायला एक फेरी पुरते, पण तेव्हा दुखत नसते. दुखू लागते तेव्हा दाताच्या मज्जेपर्यंत कीड पोचलेली असते. मग अनेक फेऱ्यांच्या उपचारापेक्षा दात उपटून टाकणे स्वस्त वाटते. वरचा दात काढला तर डोळे जातात, ही भीती तेवढी निराधार आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत येणारे पथक दातही पाहते. त्या दिवशी गैरहजर राहू नका, आणि पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात विसरू नका.

शेवटी वर्गासाठी एक काम. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास, तसेच १८ वर्षांखालील कोणालाही ती विकण्यास बंदी आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. दहा मीटरची दोरी घ्या, शाळेच्या फाटकापासून प्रत्येक दिशेने नऊ वेळा टाका आणि एक मीटर पुढे जा. या वर्तुळातील प्रत्येक दुकान नकाशावर दाखवा. चिकट गोड पदार्थांसाठी लाल खूण, तंबाखू-सुपारीसाठी काळी, फुटाणे, शेंगदाणे, फळे यांच्यासाठी हिरवी. दुकानदाराशी वाद घालू नका, ते काम तुमचे नव्हे. नकाशा मुख्याध्यापकांकडे द्या, आणि त्याच्या कोपऱ्यात मधल्या सुट्टीत कोणत्या रंगाच्या खुणेपाशी किती मुले उभी होती, ते आकड्यांत लिहा.