विष ओसरले, खूण राहिली

जानेवारी 1995 मध्ये अर्जेंटिनाच्या ला पाम्पा प्रांतात शेतांत आणि रातथाऱ्याच्या झाडांखाली सुमारे 700 शिकारी पक्षी मरून पडलेले सापडले. ते स्वेन्सन्स हॉक होते. उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळरानांवर घरटी करायची आणि थंडी आली की सुमारे 10,000 किलोमीटर उडून दक्षिण गाठायची, हा त्यांचा शिरस्ता. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली होती, म्हणून तर माणसे तिथवर पोचली. पुढच्या हंगामात मोजलेल्या मृत पक्ष्यांचा आकडा 5,000 च्या वर गेला. प्रत्यक्षात 20,000 मेले असावेत, असा अंदाज होता.

संशय फवारणीवर होता. लसूणघास आणि सूर्यफुलावर नाकतोडे माजले होते आणि हे पक्षी तिथे नाकतोड्यांवरच जगतात. शेतकऱ्यांनी मोनोक्रोटोफॉस मारले होते. पण हे औषध डीडीटीसारखे वर्षानुवर्षे चरबीत साठून राहत नाही. शरीरातून ते लवकर नाहीसे होते. मग पुरावा शोधायचा कुठे?

मेंदूत. मज्जातंतू एकमेकांना निरोप धाडतात तो अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनामार्फत. निरोप पोचला की कोलिनएस्टरेज नावाचे विकर त्या रसायनाचे लगेच तुकडे करते. मोनोक्रोटोफॉस या विकरालाच जखडून टाकते. मग निरोप थांबतच नाहीत, स्नायू आखडतात आणि अखेर श्वास बंद पडतो. जो पक्षी थोडक्यात वाचतो त्याच्या अंगातले विष ओसरते, पण मेंदूतले विकर पूर्वपदावर यायला कित्येक आठवडे लागू शकतात. प्रदूषकाने शरीरात घडवलेल्या अशा मोजता येणाऱ्या बदलाला जैवसूचक, म्हणजेच बायोमार्कर म्हणतात. विकराची क्रिया 20 टक्क्यांनी घटली तर विषाशी संबंध आला असे धरतात. निम्म्याहून जास्त घटली आणि पोटात औषधाचा अंशही सापडला, तर मृत्यूचे कारण ठरते. पाम्पातल्या पक्ष्यांत दोन्ही सापडले. अर्जेंटिनाने आधी नाकतोड्यांवर आणि लसूणघासावर या औषधाचा वापर थांबवला आणि पुढे ते पुरतेच बंद केले.

अडचण अशी, की 20 टक्के म्हणजे कशाच्या 20 टक्के? प्रत्येक जातीची मूळ पातळी वेगळी, पिल्लांची मोठ्यांहून वेगळी. शिवाय उन्हात पडलेल्या मृतदेहात विकर आपोआपही नासते. त्यावर प्रयोगशाळेत एक नामी युक्ती आहे. विषबाधेच्या रुग्णाला देतात ते 2-पॅम हे औषध नमुन्यात घालायचे. विकर सुटून पुन्हा कामाला लागले तर दोष विषाचा. उन्हाने नासलेले विकर काही केल्या जागे होत नाही.

मूळ पातळी कधी कधी भलत्याच ठिकाणी मिळते. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांना ती अंडी जमवणाऱ्या हौशी लोकांच्या कपाटांत मिळाली. छंद तसा दुष्टच, पण त्या वेळी कामी आला. बहिरी ससाण्याच्या जुन्या-नव्या अंड्यांची टरफले तोलून त्यांनी 1967 मध्ये दाखवून दिले, की 1947 च्या सुमारास टरफल एकाएकी हलके झाले होते. डीडीटी वापरात येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.  

अलास्कात मूळ पातळी शेजारच्याच किनाऱ्यावर होती. 24 मार्च 1989 रोजी एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून सुमारे 4 कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात सांडले. हार्लेक्विन बदके भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकांवर गोगलगायी आणि शिंपले टिपतात. संशोधकांनी ती पकडली, शस्त्रक्रिया करून यकृताचा बारीकसा तुकडा काढला आणि त्यांना सोडून दिले. तेलातली काही रसायने पोटात गेली की यकृतात सीवायपी1ए हे विकर वाढते. तेल लागलेल्या किनाऱ्यावरच्या बदकांत ते 20 वर्षांनंतरही स्वच्छ किनाऱ्यावरच्या बदकांपेक्षा जास्त होते, कारण गोट्यांखाली दबलेले तेल अजून पाझरत होते. हा फरक मिटायला 2013 उजाडावे लागले.

मोनोक्रोटोफॉस विदर्भाला नवे नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक जण दगावले. त्यानंतर राज्य सरकारने ज्या औषधांवर तात्पुरती बंदी घातली, त्यांत याचेही नाव होते. माणसाच्या रक्तातही कोलिनएस्टरेज मोजता येते. कॅलिफोर्नियात 1974 पासून अशी औषधे नियमित हाताळणाऱ्या कामगारांचे रक्त आधीच तपासून प्रत्येकाची स्वतःची पातळी नोंदवून ठेवतात. ती 80 टक्क्यांच्या खाली उतरली, की त्याची कामाची पद्धत तपासतात. पाखरांना लावलेला 20 टक्क्यांचा निकष इथे माणसालाही लागू आहे. आपल्याकडे फवारणीच्या मजुराचे रक्त तपासले गेलेच, तर ते बहुधा तो रुग्णालयात पोचल्यावर. तेव्हा पडताळून पाहायला त्याचा आधीचा आकडा डॉक्टरांच्या हाती नसतो.