फेस दुधाचा काढा, साखरेचा नको

'डॉक्टर, कॉफी प्यायली तर चालेल ना?' मधुमेहाच्या रुग्णाला पथ्य सांगून झाले की दाराशी जाता जाता हा प्रश्न हमखास येतो. पनवेलच्या माझ्या दवाखान्यात गेली कित्येक वर्षे मी एकच उत्तर देत आलो, 'कॉफी चालेल, साखर चालणार नाही.' दुसऱ्याला सांगणे सोपे असते. दीड वर्षापूर्वी माझ्याच रक्ताचा अहवाल हाती आला, तेव्हा मला हे नीट कळले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे 'एचबीएवनसी', ६.३ आला होता. ५.७ च्या आत असला तर ठीक, ६.५ किंवा त्याहून अधिक असला तर मधुमेह. मी उंबरठ्यावर उभा होतो. तेथे मी एकटा नव्हतो, हेही खरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, तर उंबरठ्यावरचे सुमारे १३ कोटी ६० लाख आहेत.

जेवणात बदल नव्हता. वडाळे तलावाची सकाळची फेरीही चालू होती. मग साखर वाढली कशाने? सौ.ने काही न बोलता ओट्यावरच्या यंत्राकडे बोट दाखवले.

हे यंत्र म्हणजे मुलीने वाढदिवसाला दिलेला फ्रॉदर. दुकानदार त्याला कॉफी बीटरही म्हणतात. मुठीत मावणारी दांडी, आत दोन सेल आणि सळईच्या टोकाला तारेचे गोल वेटोळे. बटण दाबले की ते गरगर फिरते. आजीची रवीच म्हणा ना, दोरीच्या जागी सेल आले इतकेच.

आमच्या घरी फेटलेली कॉफी पहिल्यापासून आवडती. कपात चमचाभर कॉफी पावडर, दोन चमचे साखर आणि थोडे पाणी घालून रंग बदामी होईपर्यंत चमच्याने फेटायचे, मग वरून गरम दूध ओतायचे. फेटून फेटून हात भरून येई, म्हणून हा बेत रविवारीच होई. यंत्र आल्यावर तेच काम मिनिटात होऊ लागले. रविवारची कॉफी रोजची झाली आणि रोज एकाच्या जागी तीन कप झाले. कपाला दोन चमचे, म्हणजे दिवसाला सहा. चमच्यात चार-पाच ग्रॅम धरले तरी २४ ते ३० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मोठ्या माणसासाठी सुचवलेली चांगली मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आहे, तीही सगळ्या पदार्थांतली मिळून. माझी ती कॉफीतच संपत होती.

फेस कशाने येतो?

फेस म्हणजे द्रवात अडकलेले हवेचे बुडबुडे. फेटलेल्या कॉफीत साखरेमुळे पाक दाट होतो आणि त्या दाटपणामुळे बुडबुडे टिकतात. साखर वगळली तर फेस येतो, पण लवकर बसतो. म्हणून त्या कॉफीतली साखर कमी करणे जड जाते.

दुधाचे तसे नाही. दुधातली प्रथिने बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात, त्यामुळे साखरेचा कणही न घालता फेस उभा राहतो. स्निग्धांश मात्र त्यात अडथळा आणतो. म्हणून ६ टक्के स्निग्धांशाच्या फुल क्रीम दुधापेक्षा ३ टक्क्यांचे टोन्ड किंवा दीड टक्क्याचे डबल टोन्ड दूध अधिक चांगले फेसाळते. प्रकृतीलाही ते हलके.

आमची कृती

अर्धा कप (सुमारे १०० मिलिलिटर) दूध गरम करावे, पण उकळते नको. ६० ते ६५ अंश पुरे. बोट क्षणभरही धरवत नाही, इतपत गरम. फार तापलेल्या दुधाचा फेस नीट टिकत नाही. दूध उंच पेल्यात घेऊन वेटोळे पृष्ठभागाच्या जरा खाली धरावे आणि अर्धा मिनिट फिरवावे. दूध फुगून जवळजवळ दुप्पट दिसते. कपात थोड्या गरम पाण्यात विरघळवलेली कॉफी असावी, तीवर हे दूध ओतावे. वर चिमूटभर जायफळ-वेलची. अर्ध्या दुधात कप भरतो आणि फेसामुळे कडवटपणाही सौम्य लागतो. मी आधी दोनाचा एक चमचा केला, मग अर्धा; दीड महिन्यात साखर सुटली.

मधुमेह्यांनी एक ध्यानात ठेवावे. दुधात स्वतःची साखर असतेच, १०० मिलिलिटरला सुमारे ५ ग्रॅम. तेव्हा बिनसाखरेची कॉफीही हिशेबात धरावी. वरून चॉकलेटचे सिरप घातले तर सगळेच मुसळ केरात.

काळजी

वेटोळे दुधात बुडाल्यावरच बटण दाबावे आणि थांबल्यावरच बाहेर काढावे, नाहीतर गरम दूध अंगावर उडते. मुलांच्या हाती यंत्र देऊ नये. काम झाले की साबणाच्या कोमट पाण्यात वेटोळे फिरवून धुवावे व कोरडे करावे. तारेत अडकलेले दूध आपल्या दमट हवेत लवकर नासते. दांडी मात्र पाण्यात बुडवू नये. सुटे दूध आधी उकळलेलेच घ्यावे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन नको, असे सांगितले आहे. इन्स्टंट कॉफीच्या कपात ते ५० ते ६५ मिलिग्रॅम असते, चहातलेही त्यातच मोजायचे. जेवणाआधी व नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, कारण अन्नातले लोह अंगी लागत नाही. रक्त कमी असलेल्या भगिनींनी हे विशेष पाळावे.

सहा महिन्यांनी माझा आकडा ५.९ वर आला. रात्रीचा भात कमी केला, चालणे वाढवले, त्याचाही यात वाटा आहे. यंत्राने मधुमेह टळतो, असे कोणी समजू नये. पूर्वी हात दुखायचा, तेच माझे पथ्य होते. यंत्राने ते कष्ट नेले, आता पथ्य आपणच पाळायचे. तुमच्याही घरी असे यंत्र असेल तर आज एवढेच करा, दिवसाचे कप आणि कपातले चमचे मोजा. आणि हो, चाळिशी ओलांडली असेल तर रक्तातली साखर एकदा तपासून घ्या. मी उशीर केला होता, तुम्ही करू नका.