रक्ताचा गट आणि रक्ताची शुद्धी

मराठीत ‘रक्त’ हा शब्द शरीरातल्या लाल द्रवापुरता कधीच राहिलेला नाही. रक्ताचे नाते, खानदानी रक्त, रक्त शुद्ध राखणे या साऱ्या बोलण्यामागे एक समजूत उभी आहे. आईबापांचे रक्त मुलाच्या अंगात उतरते आणि दोन वेगळी रक्ते एकत्र आली की बाटतात, अशी ती समजूत. सोयरिकीवर जातीने जो पहारा बसवला त्याला आधार हाच. पण शरीरशास्त्राच्या पहिल्याच पायरीवर हा आधार ढासळतो. एरवी आईचे रक्त गर्भाच्या रक्तात मिसळत नाही. वारेच्या पडद्यातून अन्न आणि प्राणवायू पलीकडे जातात एवढेच. मूल आपले रक्त आपणच घडवते. वारशाने येते ते रक्त नव्हे, तर रक्त कसे घडवावे याची सूचना. तिला जनुक म्हणतात. प्रत्येक गुणासाठी अशी एक सूचना आईकडून येते व एक बापाकडून.

सारंगखेड्यात आणि आसपासच्या गावांत आता रक्तदान शिबिरे होतात, आणि घराघरांत रक्तगटाची चिठ्ठी आली आहे. चिठ्ठीबरोबर एक प्रश्नही आला. नवरा ‘ए’ गटाचा, बायको ‘बी’ गटाची, आणि मूल ‘ओ’ कसे? मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजावरून कळते की त्याला विज्ञान विचारायचे नाही. त्याला घरातल्या बाईविषयी विचारायचे आहे. म्हणून उत्तर नीट दिले पाहिजे.

१९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवले की माणसांच्या रक्ताचे गट असतात व विजोड रक्ते एकत्र केली तर तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात. ‘एबी’ हा चौथा गट पुढच्याच वर्षी सापडला. हे गट वारशाने कसे उतरतात याचा नेमका हिशेब १९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञाने लावला. जनुकाचे तीन प्रकार : ए, बी आणि ओ. प्रत्येकाजवळ त्यांतले दोन. ए आणि बी दोघेही बोलके. एकत्र आले तर दोघेही दिसतात. ओ मात्र मुका. शेजारी ए किंवा बी असेल तर तो दिसतच नाही. म्हणजे ‘ए’ गटाच्या बापाजवळ ए आणि ओ असू शकतात, ‘बी’ गटाच्या आईजवळ बी आणि ओ. दोघांनीही आपापला मुका ओ दिला तर मूल ‘ओ’ गटाचे होते. अशा जोडप्याला चारही गटांची मुले होऊ शकतात. यात नवल काही नाही आणि संशय तर मुळीच नाही.

आमच्याकडे दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे रंग आणि भोवरे पारखणाऱ्या माणसाला हे समजावणे मला कधी जड गेले नाही. काळ्या आयाळीच्या तांबड्या घोडा-घोडीला कधीकधी आयाळीसकट तांबूस शिंगरू होते, हे त्याने पाहिलेले असते. कारण तेच, दोघांच्या पोटात दडलेला मुका जनुक. त्यासाठी कोणी घोडीला घराबाहेर काढत नाही.

आता खरा अवघड प्रश्न. आईबाप दोघेही ‘ओ’ असतील तर मूल ‘ओ’च व्हायला हवे, असे पाठ्यपुस्तक सांगते. मग अशा घरात ‘बी’ गटाचे मूल निघाले तर? पहिली शक्यता चुकीच्या चिठ्ठीची. शिबिराच्या घाईत, थेंबावर केलेली चाचणी चुकू शकते. ती पुन्हा करावी. दुसरी शक्यता आपल्याच मुंबईने जगाला दाखवून दिली आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक नवा रक्तगट नोंदवला. जगभर त्याला ‘बॉम्बे’ गट म्हणतात. तांबड्या पेशीवर आधी ‘एच’ नावाचा पाया बसतो आणि त्यावर ए किंवा बी यांची साखर चढते. ज्याला दोन्ही पालकांकडून एचचा निकामी जनुक मिळाला त्याचा पायाच बसत नाही. मग जवळ बी जनुक असला तरी तो दिसणार कोठे? चाचणीत असा माणूस ‘ओ’ ठरतो. पण मूल होते तेव्हा दुसऱ्या पालकाकडून एचचा चांगला जनुक येतो, पाया बसतो, आणि आईचा लपलेला बी मुलात उघड होतो. ती बाई निष्कलंक असते; अपुरी असते ती चाचणी.

भारतात असे लोक सुमारे दहा हजारांत एक आढळतात. युरोपात दहा लाखांत एखादा. निकामी जनुकाचे दोन वाहक जवळच्या नात्यातल्या लग्नात एकत्र येण्याचा संभव वाढतो. रक्त राखण्यासाठी जी कुंपणे घातली, त्यांच्या आत असे मुके जनुक एकमेकांना अधिक सहज भेटतात. सातपुड्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे, विदर्भातल्या आपल्या बौद्ध वस्त्यांतही आहे. तिथला हिशेबही हाच : दोघे वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारांत एक मूल आजारी होण्याची शक्यता. पहिली तीन निरोगी झाली म्हणून चौथ्याचा धोका वाढत नाही, घटतही नाही. आणि वाहक असणे हा आजार नव्हे. तरी तपासणीत वाहक निघालेल्या मुलीचीच सोयरीक मोडते, मुलाची क्वचित. हा दोष जनुकाचा नाही.

रक्तगटांवरून माणसांच्या उतरंडी रचण्याचा उद्योगही झाला. पहिल्या महायुद्धात सलोनिका येथे हिर्श्फेल्ड पतिपत्नींनी अनेक देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. त्यांत भारतीय सैनिकही होते. १९१९ साली त्यांनी आकडे छापले. प्रमाणे कमीजास्त, पण गट तेच. जर्मनीतल्या वंशवाद्यांनी पुढे याच शास्त्रातून शुद्ध वंश शोधायचा प्रयत्न केला. स्वतः लुडविक हिर्श्फेल्ड ज्यू कुळातले म्हणून वॉर्साच्या घेट्टोत कोंडले गेले. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकांच्या मापांचे आकडे घेऊन दाखवले होते की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही. रक्तगटानेही कोणतीच जात वेगळी काढता येत नाही. ए आणि ओ गट तर चिंपांझीतही आहेत.

कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रक्तगटावरून पितृत्व सिद्ध होत नाही. फार तर काही वेळा नाकारता येते, आणि तेही बॉम्बे गटासारखे अपवाद तपासल्यावरच. लग्नसंबंधात जन्मलेले मूल कायदा औरस मानतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच बजावले आहे की सरसकट रक्तचाचणीचा आदेश देता येणार नाही. नवऱ्याने चिठ्ठी दाखवून बायकोला माहेरी धाडले असेल तर हे पंचांसमोर सांगावे.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. बॉम्बे गटाच्या माणसाला ‘ओ’ रक्त चढवले तर प्राणघातक होऊ शकते, कारण त्याच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिद्रव्य असते. ‘ओ’ ठरलेल्याचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींबरोबर मिसळून पाहिला तर गुठळ्या होतात आणि गट उघडा पडतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तगटांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. शंका आली तर रक्तपेढीमार्फत नमुना तिथे पाठवता येतो. आणि एखादी बाई या गटाची निघाली तर तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करावी. त्यांच्यापैकी प्रत्येकाला हा गट असण्याची शक्यता चारांत एक असते, आणि तिच्या बाळंतपणात रक्त लागलेच तर ते बहुधा त्यांच्याकडेच मिळेल.