दारापासून फलाटापर्यंत

मे महिन्यातला रविवार. सकाळचे अकरा. डोंबिवली पूर्वेच्या जिन्यावरून उतरताना कठड्याला हात लाववत नाही, इतका तो तापलाय. खाली आदिवासी बायका करवंदांचे वाटे मांडून बसल्यात. मेगाब्लॉकमुळे गाडी कधी येईल याचा भरवसा नाही. फलाटावरची गर्दी पुलापर्यंत चढलीय. भाची माझ्यापुढे दोन पायऱ्या. तिच्या हातात मोबाइल, त्यावर घड्याळ लावलेलं.

"मावशी, आपण जिना उतरलो तिथून मोजायचं हं. एजंट सांगतात ती पाच मिनिटं त्यांच्या स्कूटरची असतात."

ती दादरला नोकरीला, नवरा ठाण्याला. सध्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट जूनअखेर संपतंय आणि मालकांनी एकदम तीन हजार वाढवून मागितलेत. म्हणून हा सलग तिसरा रविवार. जावई आज कामावर, म्हणून सोबतीला मी.

फडके रोडवर ऊन थेट डोक्यावर येतं. दुकानांच्या पत्र्यांखालच्या पट्ट्याएवढ्या सावलीतून माणसं एकामागून एक चालतात. इस्टेट एजंटच्या गाळ्याबाहेर पांढरी पाटी: वन आरके, वन बीएचके, टू बीएचके. मार्करने लिहिलेले आकडे पुसून पुन्हा लिहिलेले. आत चार खुर्च्या, सहा माणसं. एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलंय. बाई पदराने त्याला वारा घालतेय. दोन तरुण पोरं दाराशीच उभी आहेत. "बॅचलर चालतील का?" हा प्रश्न विचारतानाच त्यांचा आवाज खाली जातो.

पाऊण तासाने आमचा नंबर लागतो. एजंट किल्ल्यांचा जुडगा उचलतो. "ताई, स्टेशनजवळ पाहिजे म्हणता, तर रामनगर बघा."

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडताच बंद घराचा कोंदट वास. भाची आधी नळ सोडते, मग खिडकी उघडते, मग भिंतीच्या कोपऱ्यात ओल शोधते. घर नेटकं आहे. भाडं १६,०००, डिपॉझिट ६०,०००, दलाली एका महिन्याचं भाडं.

"आणि वाढ?"

"अकरा महिन्यांनी दहा टक्के. सगळीकडे तीच चालते."

ती ओट्यावर मोबाइल ठेवून हिशोब मांडते. १६,०००. मग १७,६००. मग १९,३६०. तीन वर्षंही पुरी होणार नाहीत, तोवर याच खिडकीचं, याच नळाचं भाडं एकोणीस हजारांवर गेलेलं. ती काही बोलत नाही. मोबाइल उचलते, ओट्यावरची धूळ ओढणीच्या टोकाने पुसते.

ही जी दहा टक्क्यांची रीत आहे, ती कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही. ज्या जुन्या भाडेकरूंना १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांचं भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढू शकतं. लिव्ह अँड लायसन्सला ती चौकट नाही. तिथे दोघांत ठरेल ते खरं. म्हणजे बोलायला जागा आहे. पण तापलेल्या खोलीत, मागे दुसरं गिऱ्हाईक जिना चढत असताना, ते बोलायचं धैर्य किती जणांना होतं?

दुसरं घर नांदिवलीकडे. त्यासाठी शेअर रिक्षाची रांग. रांगेत बावीस माणसं, मी मोजते. पुढचे काका रुमाल पाण्यात भिजवून डोक्यावर टाकतात. रिक्षा येते, भरते, जाते; रांग तीन पावलं सरकते. सतरा मिनिटं इथेच जातात. घर मात्र मोठं, हवेशीर, भाडं १४,०००. गॅलरीतून डोंगराची रेघ दिसते. भाचीचा चेहरा क्षणभर उजळतो.

मग पुन्हा हिशोब. रिक्षाची सीट वीस रुपये. जायचे-यायचे चाळीस. महिन्याचे पंचवीस दिवस, माणसं दोन. दोन हजार. भाड्यात वाचलेले पैसे रिक्षात गेले, आणि रांगेतला वेळ वेगळाच. पावसाळ्यात ही रांग कशी असेल, ते ती एजंटला विचारत नाही. तिला ठाऊक आहे.

दुपारी दीडला ठाकुर्लीच्या बाजूला, नव्वद फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत. जुनी इमारत, दारात तुळस. एजंट नाही, भाचीच्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी कळवलेलं घर. मालक काका-काकू वरच्याच मजल्यावर राहतात. काकू आधी पाणी देतात, मग कोकम सरबत. खोलीतल्या फरशा जुन्या, रंग उडालेला. गाडी गेली की खिडकीची तावदानं थरथरतात आणि बोलणं थांबवावं लागतं.

भाडं १५,०००. वाढ पाच टक्के.

"काका, पाचच?" मीच विचारते.

"अहो, माणसं सोडून गेली की घर महिनाभर बंद राहतं. पंधरा हजार तिथेच बुडाले. दहा टक्के लावून जास्तीचे मिळणार किती? महिन्याला साडेसातशे. अकरा महिन्यांचे सव्वाआठ हजार. त्यापेक्षा तुम्ही राहा, भाडं वेळेवर द्या."

इतका सरळ हिशोब मी आज पहिल्यांदा ऐकतेय. १५,०००, १५,७५०, १६,५३७. भाची काकांना धीर करून विचारते, तेहेतीस महिन्यांचं एकदम करू या का, वाढ कागदातच लिहून? काका काकूंकडे बघतात. काकू मान हलवतात. नोंदणीचे हजार रुपये आणि पाव टक्क्याचं मुद्रांक शुल्क निम्मं निम्मं, हेही तिथेच ठरतं. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येईल. नोंदणी झालीच पाहिजे, असं काका स्वतःहून म्हणतात. कायद्याने ती जबाबदारी मालकाचीच.

तावदानं पुन्हा थरथरतात. सगळे थांबतो. गाडी जाते.

"आवाज सहन होईल ना ग, बाळ?" काकू विचारतात.

"होईल."

आम्ही निघतो. ठाकुर्ली स्टेशन जवळ, पण तिथे फक्त धिमी गाडी थांबते. तिला सकाळी जलद लागते. म्हणून ती मला डोंबिवलीकडे चालत नेते. पायाखालचं डांबर मऊ झालंय. उसाच्या रसाच्या गाड्याजवळ मी थांबू पाहते, ती हात धरून ओढते. "मावशी, नंतर. घड्याळ चालू आहे." ती सकाळच्या चालीने चालतेय, पर्स छातीशी धरून, समोरच्यांना चुकवत. मी मागे पडते.

पुलावर चढून पाहते, तर ती खाली फलाटावर पोचलेली, घामाने निथळत, मोबाइल वर धरून मला दाखवतेय. इतक्या लांबून आकडा दिसत नाही. ती दोन्ही हातांची बोटं उघडते, मग एका हाताची चार.