सर्व्हर चालू, पण पलीकडचं पोर्ट कुठलं?

घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा लागतो. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला. पण पान उघडलं नाही की ‘सर्व्हर डाऊन’ एवढं ऐकून माणसाला परत फिरावं लागतं, मग एका दिवसाची मजुरी बुडते. मागच्या लेखांकात ग्रामपंचायतीपर्यंत येणारी फायबर पाहिली. आज दुसऱ्या टोकाला, डेटा सेंटरमध्ये जाऊ. तिथे एका होस्टवर अनेक आभासी सर्व्हर चालतात आणि त्या सगळ्यांची बाहेरची वाट होस्टच्या दोन-चार अपलिंकमधूनच जाते. अशा व्यवस्थेत सर्व्हर धडधाकट असूनही सेवा बंद पडू शकते. म्हणून तपासाची सुरुवात अपलिंक कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला लागली आहे, इथूनच व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

समजा, होस्टच्या दोन अपलिंक दोन स्विचना जोडल्या आहेत. दोन्हींवर हिरवा दिवा आहे, पण एका पोर्टवर हवा तो व्हीलॅन, म्हणजे जाळ्यातला आभासी विभाग, द्यायचा राहून गेला. ईएसएक्सआय या आभासी सर्व्हर चालवणाऱ्या प्रणालीत मूळ सेटिंगनुसार प्रत्येक आभासी सर्व्हर कोणत्या तरी एकाच अपलिंकला बांधला जातो. त्यामुळे काही सर्व्हर सुरळीत चालतात, तर त्यांच्या शेजारचे मुके होतात. मुका सर्व्हर दुसऱ्या होस्टवर हलवला की तो बोलू लागतो आणि तक्रार बंद होते. चुकीचं पोर्ट मात्र तसंच राहतं. होस्ट बदली अपलिंक वापरायची की नाही हे सहसा लिंकच्या स्थितीवरून ठरवतो. तार जिवंत आहे एवढंच त्याला कळतं. पोर्टवर कोणता व्हीलॅन आहे किंवा स्विचच्या पुढची वाट तुटली आहे का, हे कळत नाही.

हे पोर्ट शोधायला सीडीपी आणि एलएलडीपी हे दोन प्रोटोकॉल आहेत. पहिला सिस्कोचा, दुसरा आयईईईचा खुला. स्विच ठरावीक वेळाने आपलं नाव आणि पोर्ट क्रमांक सांगतो: सीडीपी साधारण ६० सेकंदांनी, एलएलडीपी ३० सेकंदांनी. म्हणून केबल बदलून लगेच स्क्रीन पाहिली तर जुनीच नोंद दिसू शकते. दोन-तीन मिनिटं थांबायलाच हवं. यावर आक्षेप येतो, की यादी पुष्कळदा रिकामीच असते, मग भरवसा कसा ठेवायचा? रिकाम्या यादीवरून तार तुटली असा निष्कर्ष काढूच नये. ईएसएक्सआयच्या आतला आभासी स्टँडर्ड स्विच फक्त सीडीपी ऐकतो. एलएलडीपीसाठी डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो. समोरचा स्विच फक्त एलएलडीपी बोलत असेल तर सगळं ठीक असूनही होस्टला काही दिसणार नाही. इंटेलच्या एक्स७१० सारख्या कार्डांत तर फर्मवेअरच एलएलडीपीची पाकिटं अडवून ठेवतं. उलट, सीडीपी न समजणारा साधा स्विच मध्ये आला तर तो ती पाकिटं पुढे ढकलतो आणि होस्टला पलीकडचा स्विचच शेजारी वाटतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो वजनदार आहे. २०२० मध्ये सिस्को उपकरणांच्या सीडीपीत गंभीर त्रुटी उघड झाल्या होत्या. पण त्यासाठी सगळीकडेच स्विचचं हे ओळख सांगणं बंद करणं पटत नाही. लोकांच्या हाती असलेल्या पोर्टवर ते बंद ठेवावं आणि कुलूपबंद रॅकमधल्या होस्टच्या पोर्टवर, पॅच अद्ययावत ठेवून, चालू ठेवावं. केबलवरची चिठ्ठी आणि एक्सेलमधली यादी हव्यातच. पण रात्री घाईत केबल बदलणारा यादी बदलेलच असं नाही. यादी आणि सीडीपी यांत तफावत दिसली, तर त्या पोर्टवरचे व्हीलॅन स्विचमध्ये जाऊन वाचावेत आणि मगच होस्टला हात लावावा.