एमडी मोठ्या कॉलेजात करावं की सिव्हिल हॉस्पिटलमध्ये?

गेल्या वर्षी माझ्या एक मधुमेही पेशंट काकू शुगरचा रिपोर्ट दाखवायला आल्या, पण मन रिपोर्टमध्ये नव्हतं. मुलगी एमबीबीएस झालेली. नीट-पीजीनंतर पसंतीक्रम भरायचा होता. यादीत वर शहरातलं मोठं मेडिकल कॉलेज ठेवायचं की घराजवळच्या जिल्हा रुग्णालयातली डीएनबीची जागा, यावरून घरात वाद. काकूंनी विचारलं, "डॉक्टर, सिव्हिलमध्ये शिकली तर तिला कमी समजतील का हो?"

हाच प्रश्न पेशंट वेगळ्या शब्दांत विचारतात: "तिथे शिकाऊ डॉक्टर बघतात ना?" म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र देतो.

रेसिडेंट म्हणजे कोण?

एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. ते संपल्यावर नोंदणी होते. रेसिडेंट हा असा नोंदणी झालेला डॉक्टर असतो. तो वरिष्ठांच्या हाताखाली एका विषयातलं पुढचं शिक्षण घेत असतो. त्यामुळे 'शिकाऊ' हा शब्द अर्धाच खरा आहे.

दोन वाटा

एमडी किंवा एमएस मेडिकल कॉलेजात होते आणि परीक्षा विद्यापीठ घेतं. डीएनबी मान्यताप्राप्त रुग्णालयांत होते. त्यात खासगी रुग्णालयं आहेत, तशी जिल्हा रुग्णालयंही आहेत. तिची परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं. एमबीबीएसनंतर दोन्ही ३ वर्षांच्या, दोन्हींचा प्रवेश नीट-पीजीतून आणि दोन्ही पदव्या समकक्ष. म्हणजे कागदावर तरी कुणी कमी नाही. फरक पडतो तो रोजच्या कामात.

मोठ्या कॉलेजात काय मिळतं?

केईएम, जे. जे. किंवा ससूनसारख्या ठिकाणी अनेक विभाग एकाच आवारात असतात. इतरत्र निदान न झालेले आजार तिथे येतात, शिकवणारेही जास्त असतात. पण गर्दी प्रचंड. गुंतागुंतीची केस बऱ्याचदा सुपरस्पेशालिटी विभागाकडे जाते. पहिल्या वर्षाचा बराच वेळ रक्ताचे नमुने, रिपोर्ट आणि कागदपत्रांमागे धावण्यात जातो.

जिल्हा रुग्णालयात काय मिळतं?

साप चावलेला शेतकरी, कीटकनाशक प्यायलेला तरुण, टीबी, न्यूमोनिया, बाळंतपणातला रक्तस्राव. अशा वेळी मोजक्या साधनांत निर्णय घ्यावा लागतो. कुठला पेशंट इथे सांभाळायचा आणि कुठला वेळेत पुढे पाठवायचा, हे इथे लवकर कळतं. उणी बाजूही आहे. शिकवणारे थोडे असतात. त्यातल्या एकाची बदली झाली तरी शिक्षण लंगडं होतं. दुर्मिळ आजार कमी दिसतात.

मेडिकल कॉलेजातल्या एमडी-एमएसच्या डॉक्टरांनाही २०२१ च्या बॅचपासून ३ महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं बंधनकारक आहे. तिथला अनुभव हा शिक्षणाचाच भाग मानला गेला आहे.

जागा निवडताना हे विचारा

- आपल्या विषयाचे किती पेशंट रोज येतात?
- पूर्णवेळ शिकवणारे कन्सल्टंट किती? रात्री फोन केला तर येतात का?
- दुसऱ्या वर्षापर्यंत स्वतःच्या हाताने काय काय करायला मिळतं?
- ड्युटी किती तासांची? झोपायला, जेवायला नीट सोय आहे का?
- स्टायपेंड वेळेवर मिळतो का? बंधपत्राच्या अटी काय?

ही उत्तरं तिथे सध्या काम करणाऱ्या रेसिडेंटकडून घ्या. नातेवाइकांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

पेशंट म्हणून तुम्ही काय करावं?

साप चावला, छातीत दुखू लागलं, अपघात झाला, तर नाव बघत बसू नका. उपचार सुरू होतील अशा जवळच्या रुग्णालयात जा. आजाराचं निदानच होत नसेल किंवा सुपरस्पेशालिस्ट लागणार असेल, तर मोठं कॉलेज योग्य. दोन्हीकडे नम्रपणे दोन प्रश्न विचारा: "आमचे पेशंट कोणत्या सरांच्या किंवा मॅडमच्या युनिटखाली आहेत? त्यांनी तपासलं का?" चांगल्या रेसिडेंटला याचा राग येत नाही. अडलं की वरिष्ठांना विचारणं हाच तर त्याच्या शिक्षणाचा गाभा आहे.

काकूंच्या मुलीनं दोन्हीकडच्या रेसिडेंटशी बोलून यादी भरली. कॉलेज वर ठेवलं होतं, नंबर लागला सिव्हिलला. घरी दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. परवा काकू आल्या तेव्हा सांगत होत्या, "रात्री सर्पदंशाचा पेशंट होता, आमच्या पोरीनं सांभाळला. सकाळी फोनवर मलाच ओरडली, शुगर का वाढली म्हणून."

रिपोर्ट पाहिला. ओरडणं योग्यच होतं.