मनोविकारतज्ज्ञाकडे केव्हा व कसे जावे?

केव्हा : उदासीनता, निद्रानाश, अन्नावरील वासना उडणे अथवा नित्यकर्मांतील रस आटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकून प्रपंच व कामकाज यांत व्यत्यय आणू लागली, तर ती स्वभावाची दुर्बलता न मानता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, आत्मघाताचे विचार येत असल्यास तत्काळ नजीकचे रुग्णालय गाठावे.

कोठे : ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये असून, केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतूनही साहाय्य मिळते.

हक्क : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमान्वये इलाज व गोपनीयता हे प्रत्येक रुग्णाचे कायदेशीर हक्क आहेत, ते निःसंकोचपणे बजावावेत.